एकटी न वाकणारी करंगळी

शंकेखोर : करंगळी एकटी वाकत नाही म्हणून आजवर कुणाचं काय अडलं आहे? भाकरी थापता येते, स्कूटरचा ब्रेक दाबता येतो, बाळाला तेल चोळता येतं. तरीही शरीररचनेचं कुठलंही नियतकालिक उघडलं की कुठल्या तरी डिसेक्शन हॉलमधून बातमी आलेलीच असते : अमुक हातात एक स्नायू जास्तीचा मिळाला, तमुक हातात एक कंडरा नव्हतीच. ज्याचा तो हात, तो माणूस जन्मभर त्याच हाताने जेवला आणि त्याला या गोष्टीचा पत्ताही लागला नाही. मग याला संशोधन म्हणायचं की नुसती जमवाजमव?

हौशी : अडलं नाही हे मान्य. पण अडत नाही म्हणजे फरकच नाही, असं थोडंच आहे? आधी हातात काय असतं ते पाहू. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. त्यांचं मांस कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतं. बोटांपर्यंत पोचतात त्या त्यांच्या लांब कंडरा. हे स्नायू दोन थरांत आहेत. वरचा फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशिअलिस चार बोटांच्या मधल्या पेरांना ओढतो, खालचा प्रोफंडस टोकाच्या पेरांना. अंगठ्याला स्वतःचा वेगळा स्नायू आहे, फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस. चार, चार आणि एक अशा नऊ कंडरा आणि सोबत मीडियन नर्व, एवढा सगळा ऐवज मनगटातल्या कार्पल टनेल या चिंचोळ्या बोगद्यातून जातो. पुढे बोटात वरची कंडरा दुभंगते आणि खालची त्या फटीतून निघून टोक गाठते. 1802 साली विल्यम पेली या इंग्लिश धर्मोपदेशकाने ‘नॅचरल थिऑलॉजी’त सृष्टीमागे कुणी योजक असल्याचे जे पुरावे मांडले, त्यांत या फटीलाही जागा दिली होती.

पेलीला जी योजना इतकी नेमकी वाटली, ती प्रत्येक हातात जशीच्या तशी नसते. हे कळायला मृतदेह लागत नाही. तळहात वर करून हात टेबलावर ठेवावा. दुसऱ्या हाताने तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका सरळ दाबून धरावीत आणि करंगळी वाकवून पाहावी. इतर बोटं अशी धरली की खालच्या थराला जोर लावता येत नाही. तरीही करंगळी मधल्या सांध्यात वाकली आणि तिचं टोक सैल राहिलं, तर ते काम वरच्या थराचं. पुष्कळांची करंगळी मात्र मधल्या सांध्यात वाकतच नाही, मुळाशी तेवढी हलते. हे प्रमाण अनेक पाहण्यांत एक तृतीयांशाच्या आसपास आलेलं आहे.

शंकेखोर : चाचणी चांगली आहे, पण तिची पुढची पायरी सांगायची राहिली. त्याच माणसांची अनामिका मोकळी सोडली, की त्यांतल्या बऱ्याच जणांची करंगळी वाकते. अनामिकेला सोबत घेऊन वाकते, इतकंच. म्हणजे त्यांचा स्नायू गैरहजर नव्हता, शेजारच्या बोटाशी बांधलेला होता. करंगळीची वरची कंडरा मुळातच नाही, असे हात विच्छेदनात याहून कितीतरी कमी मिळतात. तेव्हा तिघांत एकाला हा स्नायू नसतो, असं कुणी म्हणालं तर ते चूक. तिघांत एकाला ही चाचणी जमत नाही, एवढंच खरं.

आणि आकड्यांवर तरी किती विसंबायचं? पामारिस लाँगस घ्या. तो बोटांचा स्नायू नव्हे, पण याच शेजारातला. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवलं, की मनगटाच्या मधोमध जी दोरी ताणून वर येते ती त्याची कंडरा. पाठ्यपुस्तकं सांगतात, साधारण 15 टक्के लोकांत ती नसते. चिनी लोकांच्या पाहण्यांत हेच प्रमाण 5 टक्क्यांच्या जवळपास येतं. तुर्कस्तानातल्या गाझियान्तेपमध्ये 1997 साली छापलेल्या अभ्यासात ते 60 टक्क्यांच्या वर गेलं आणि त्याच देशातल्या पुढच्या एका अभ्यासात एक चतुर्थांशाच्या आसपास उतरलं. यातला किती फरक रक्ताचा, किती तपासण्याच्या पद्धतीचा आणि किती बारीक कंडरा नजरेतून निसटल्याचा? शिवाय ती नसलेल्यांच्या हाताची पकड मोजली तर ताकदीत सांगण्यासारखा फरक सापडत नाही. ज्याच्या असण्या-नसण्याने मूठ सैल पडत नाही, त्याच्यासाठी एवढी शाई खर्च होते.

हौशी : पामारिस नसल्याने त्या माणसाचं काही बिघडत नाही, हे खरं. पण सर्जनचं बिघडू शकतं. ही कंडरा सहज काढता येते आणि काढली तरी हात अधू होत नाही, म्हणून दुसरीकडे तुटलेली कंडरा जोडायला ती वापरतात. आता ज्या मनगटात ती नाहीच, तिथे कापल्यावर तिच्या जागेच्या अगदी निकट पांढरट, दोरीसारखं काय दिसतं? मीडियन नर्व. अंगठ्याच्या बऱ्याचशा हालचाली आणि साडेतीन बोटांची संवेदना जिच्यावर अवलंबून, ती नस पामारिस समजून काढून घेतल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

दुसरं उदाहरण घ्या. विळीवर करंगळी कापलेली एक बाई दवाखान्यात येते. बोटाच्या मुळाजवळ दोन्ही कंडरा एकाच घट्ट म्यानातून सरकतात. दुरुस्तीच्या दृष्टीने तो भाग इतका अवघड, की अमेरिकी सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी त्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं. डॉक्टर नेहमीची चाचणी करतात, करंगळी मधल्या सांध्यात वाकत नाही, आणि निष्कर्ष निघतो की वरची कंडरा तुटली. पण त्या बाईची करंगळी विळीला लागण्याआधी तरी एकटी वाकत होती का? तिने ते कधी करून पाहिलेलंच नसतं.

शंकेखोर : ही दोन्ही उदाहरणं निष्काळजीपणाची आहेत, त्यांचा भार विविधतेवर कशाला? पामारिस काढायची असेल तर शस्त्रक्रियेआधी अंगठा-करंगळी जुळवून ती आहे की नाही हे पाहणं दोन सेकंदांचं काम. आणि करंगळीचा संशय असेल तर दुसऱ्या हाताची करंगळी तपासा. एवढं शिकवायला भेदांची बाडं लागत नाहीत.

हौशी : दुसरा हात उपयोगी पडतो, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. यांतले पुष्कळ फरक एकाच हातात असतात. उजवीकडे पामारिस आहे आणि डावीकडे नाही, ही अगदी नेहमीची गोष्ट. आणि चूक नेमकी कुठे होते तेही पाहा. जिथे पुस्तकाने एक कंडरा कबूल केलेली असते आणि हातात ती नसते, तिथेच. निष्काळजीपणाला वाट मोकळी करून देते ती पुस्तकावरची श्रद्धा.

ही श्रद्धा डिसेक्शन हॉलमध्येच अंगवळणी पडते. टेबलावर एक देह, भोवती विद्यार्थ्यांचा घोळका, उघडं ठेवलेलं कनिंगहॅमचं मॅन्युअल. अंगठ्याच्या लांब स्नायूला आतल्या बाजूने मांसाचा एक छोटा पट्टा येऊन मिळालेला दिसतो. पानावर तो नाही. परीक्षेसाठी ‘स्वच्छ’ विच्छेदन हवं असतं, मग चिमट्यात धरून तो छाटला जातो. तो असतो गँट्झरचा स्नायू, 1813 साली वर्णन केलेला. विच्छेदनाच्या काही मालिकांत तो निम्म्याच्या आसपास हातांत सापडलेला आहे. त्याच्या अगदी जवळून जाणारी मीडियन नर्वची फांदी दाबली गेली, तर अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक वाकेनासं होतं आणि चिमूट नीट धरता येत नाही. निम्म्या हातांत असलेल्या गोष्टीला आपण ‘जादा’ म्हणतो, याचं आश्चर्य वाटायला नको का?

शंकेखोर : आश्चर्य वाटावं, पण ते नावाचं, हाताचं नव्हे. आणि इथेच सावध राहायला हवं. निम्म्या लोकांत तो पट्टा आहे आणि त्यांतल्या बहुतेकांची नस जन्मभर दबत नाही. म्हणजे तो पट्टा असणं हे दुखण्याचं कारण म्हणून पुरेसं नाही. एखाद्या रुग्णाचा हात उघडला, पट्टा दिसला आणि हाच गुन्हेगार असं ठरवलं, तर तो निवाडा पुराव्याने झाला की केवळ जागेवर हजर होता म्हणून झाला? मनगटातही तेच. सुपरफिशिअलिसचं मांस खाली बोगद्यापर्यंत उतरलेलं असतं, तळहातातले लंब्रिकल स्नायू नेहमीपेक्षा वर सुरू होतात, आणि बोटांना मुंग्या येणाऱ्या रुग्णात ते दिसले की सगळा दोष त्यांच्या माथी मारला जातो. मुंग्या न येणाऱ्यांचे हात कुणी उघडून पाहतं का?

हौशी : जिवंतपणी नाही, म्हणूनच मृतदेहांतली मोजणी लागते. निरोगी माणसांत ही गोष्ट किती आढळते ते ठाऊक नसेल, तर आजारी माणसात ती सापडल्याचं वजन ठरवताच येणार नाही. शंका तुमची बरोबर आहे, पण तिला उत्तर द्यायचं तर तुम्ही ज्याला जमवाजमव म्हणता तीच करावी लागते.

आता दुसरी चाचणी. सगळी बोटं सरळ ठेवून फक्त अंगठा करंगळीच्या मुळाकडे वाकवायचा. काही जणांची तर्जनी आपोआप टोकाशी वाकते, आणि तिला जबरदस्तीने सरळ धरलं तर मनगटाजवळ ओढ लागते, कधी दुखतंही. अंगठ्याची कंडरा आणि तर्जनीची खालची कंडरा यांच्यात एक आडवा दुवा असतो, त्याचा हा परिणाम. 1979 साली लिनबर्ग आणि कॉमस्टॉक यांनी तो तपशिलाने मांडला. तपासलेल्यांपैकी दहांतल्या साधारण तिघांच्या निदान एका हातात त्यांना तो जाणवला. या दुव्याला मोठा इतिहास आहे. चिंपांझी आणि गोरिलांत अंगठ्याची लांब कंडरा बहुधा बारीक, नाममात्र असते किंवा तर्जनीच्या खोल स्नायूचीच फांदी असते. माणसात अंगठ्याचा स्नायू सुटा झाला. पण काही हातांत तो पुरता सुटलेला दिसत नाही.

डार्विनने 1871 च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या जॉन वुड यांच्या नोंदी वापरल्या आहेत. 36 देहांत स्नायूंचे 558 भेद सापडले होते, तेही दोन्ही बाजूंना असलेला भेद एकच धरून. पाठ्यपुस्तकाशी तंतोतंत जुळणारा देह त्यांत एकही नव्हता. आणि हात-बाहूंचे स्नायू, जे माणसाचं खास वैशिष्ट्य, तेच इतर प्राण्यांच्या वळणावर जाण्याइतके बदलतात, हे डार्विनने मुद्दाम नोंदवलं.

शंकेखोर : 558 हा आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यावरून पूर्वजांपर्यंत उडी मारणं धोक्याचं. गर्भात या खोल स्नायूंची सुरुवात एकाच पिंडातून होते आणि मग तो विभागला जातो. विभागणी जरा अपुरी राहिली की दुवा उरला. त्यासाठी माकडाची आठवण काढायची गरज नाही. शिवाय चिंपांझींचे हात तरी सगळे सारखे कुठे असतात? त्यांच्यातही भेद आहेत, आणि विच्छेदन झालेले चिंपांझी थोडेच. माणसाच्या शेकडो भेदांतून माकडासारखे दिसणारे वेचायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, ही निवड झाली, पुरावा नव्हे.

विविधतेचा आणखी एक तोटा आहे : ती काहीही माफ करते. रेम्ब्रांटचं 1632 सालचं चित्र घ्या, डॉक्टर टुल्प यांचा शरीररचनेचा पाठ. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं. फाशी दिलेल्या चोराचा डावा हात कोपराखाली सोललेला आहे आणि टुल्प चिमट्याने बोटं वाकवणारे स्नायूच उचलून दाखवताहेत. गेली कित्येक दशकं तज्ज्ञ भांडताहेत, की हे स्नायू कोपराच्या आतल्या बाजूने निघायला हवेत आणि चित्रात ते बाहेरच्या बाजूने निघाल्यासारखे दिसतात. करंगळीच्या कडेला एक पांढरी दोरी आहे; कुणी तिला नस म्हणतं, कुणी जादा स्नायूची कंडरा. चित्रकार चुकला असं म्हणणाऱ्याला लगेच उत्तर तयार असतं : त्या चोराचा हातच तसा असेल! या उत्तराला तोड नाही, आणि हाच त्यातला दोष. कुठलीही चूक विविधतेच्या खात्यावर टाकता आली, तर वर्णन बरोबर की चूक हे ठरवायचं कसं?

हौशी : याच चित्रासाठी 2006 साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी एका डच पुरुषाच्या देहाचा डावा हात तसाच सोलून चित्राशेजारी ठेवून पाहिला. तफावती निघाल्या. पण प्रयोगाची मर्यादा उघड आहे : शेजारी ठेवला तो एकच हात. चित्रातला हात वेगळा आहे एवढं कळतं. तो असंभव आहे हे एका हातावरून कळत नाही. त्यासाठी, बोटांचे हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूने निघालेले कुणाला कधी सापडले का, हे पाहावं लागेल. शेकडो वर्षांच्या नोंदींत तसं नसेल, तर चित्रकाराकडे बोट दाखवता येईल. करंगळीच्या दोरीचं तसं नाही. करंगळीच्या कडेला जादा स्नायूंच्या नोंदी आहेत, त्यामुळे तिथे संशयाचा फायदा द्यावा लागतो. म्हणजे विविधता सगळंच माफ करत नाही. काय माफ करायचं आणि काय नाही, याच्या सीमा त्या नोंदीच आखून देतात.

शंकेखोर : ही मांडणी पटण्यासारखी आहे. पण हीच नोंद एकदा जिवंत माणसाच्या हातावर चिकटली की काय होतं तेही पाहू. 1880 च्या दशकात फिलाडेल्फियात विल्यम फोर्ब्स नावाचे सर्जन पियानोवादकांची अनामिका ‘मोकळी’ करत. हाताच्या पाठीवर अनामिकेच्या कंडरेला शेजारच्या कंडरांशी जोडणारे आडवे पट्टे असतात. ते कापले की बोट जास्त उचलता येईल, हा हिशेब. ते पट्टे बहुतेक सगळ्यांच्याच हातात असतात. तरीही वादकाला सांगितलं गेलं, की तुझ्या हातात अडथळा आहे. आज अशी शस्त्रक्रिया करायला कुणी सांगत नाही. पण लिनबर्ग-कॉमस्टॉक दुवा कापल्याची उदाहरणं आजही प्रसिद्ध होतात, आणि त्यांत वादकही असतात.

हौशी : दोन्हींत फरक आहे. फोर्ब्स यांनी सगळ्यांत असलेली गोष्ट दोष ठरवली. दुवा कापतात तो दुखणाऱ्याचा, अंगठा वाकवताना तर्जनी सरळ ठेवणं ज्याच्या कामाला अत्यावश्यक आहे त्याचा. आणि काहींना त्याने आराम पडल्याचंही नोंदलेलं आहे.

शंकेखोर : आराम पडला तो कापल्यामुळे, की कापल्यानंतर सक्तीने मिळालेल्या विश्रांतीमुळे? आणि बोटांची बांधिलकी फक्त कंडरांत असते असं कोण म्हणतं? प्रोफंडसचा तर्जनीचा भाग बहुधा वेगळा असतो, पण उरलेल्या तीन बोटांचं मांस बरंचसं सामायिक. तीन बिऱ्हाडांत एक नळ. 1960 साली स्विस सर्जन क्लोद व्हर्दां यांनी याला ‘क्वाड्रिगा’ म्हटलं, चार घोड्यांच्या रोमन रथावरून. एका बोटाची कंडरा अडकली की शेजारची बोटंही पूर्ण वाकू शकत नाहीत. एकाच बोटाच्या खोबणीवर सगळं वजन टाकून बाकीची बोटं मुडपणाऱ्या गिर्यारोहकांच्या तळहातात दुखापत होते, तिचंही मूळ याच सामायिकपणात आहे. आणि याच्याही वर मेंदू. एका बोटाने जोर लावायला सांगितलं तर इतर बोटंही नकळत थोडा जोर लावतात. त्यातला काही भाग मज्जासंस्थेचा असतो. म्हणजे करंगळी एकटी वाकली नाही तर कारण तिच्या कंडरेत असेल, सामायिक मांसात असेल किंवा मेंदूच्या हुकमात असेल. तुमच्या टेबलावरच्या चाचणीला या तिन्हींतला फरक कळत नाही.

हौशी : कळत नाही, मान्य. म्हणून प्रश्नही तीन वेगळे करायला हवेत. हातात काय आहे, हा पहिला. त्याचं उत्तर विच्छेदन आणि काही अंशी सोनोग्राफी देते. हात काय करू शकतो, हा दुसरा, तो चाचणीचा. आणि या माणसाच्या या कामासाठी त्याने काय फरक पडतो, हा तिसरा. आतापर्यंतचे बरेच घोटाळे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्याचे आहेत. वुड यांनी पहिल्याचं उत्तर दिलं, लिनबर्ग-कॉमस्टॉक यांना मुख्यतः दुसऱ्याचं मिळालं, आणि फोर्ब्स यांनी पहिल्यावरून थेट तिसऱ्याचं काढलं.

शंकेखोर : विभागणी नीट आहे. मग एक प्रसंग घेऊ. व्हायोलिन वाजवणारी एक मुलगी येते. तर्जनी दुखते, चाचणीत दुवा जाणवतो, सोनोग्राफीत मात्र काही स्पष्ट दिसत नाही. तुमचा सल्ला काय?

हौशी : आधी विश्रांती आणि पकडीत बदल. आणि सल्ला ठाम व्हायला हवा असेल, तर न दुखणाऱ्या वादकांचे हात तपासायला हवेत. त्यांच्यातही हा दुवा तितकाच आढळला, तर दुखण्याशी त्याचा संबंध सैल. कमी आढळला, तर घट्ट.

शंकेखोर : किंवा दुवा असलेल्यांनी लहानपणीच व्हायोलिन सोडलेलं असेल, म्हणून तो कमी आढळेल. आणि मोजण्याआधी हेही ठरवा, की दुवा कशाला म्हणणार : कापल्यावर दिसतो त्याला, की वाकवल्यावर जाणवतो त्याला?

हौशी : दोन्ही मोजायचे, वेगळ्या रकान्यांत.

शंकेखोर : आणि त्या मुलीच्या बाबतीत दोन रकाने जुळत नाहीत, हे तर आत्ताच दिसतं आहे. सर्जनने त्यातल्या कोणत्या रकान्याचं ऐकायचं?

हौशी : हात उघडून पाहेपर्यंत चाचणीचं.

शंकेखोर : आणि उघडल्यावर दुवा सापडलाच नाही, तर ती चाचणी नेमकं काय मोजत होती?